रूथबाईंच्या शेजारची जागा

शांतवन मास्तरांनी टेपचं एक टोक फक्रुद्दीनच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतःकडे धरून ते उकिडवे बसले. टेप जमिनीला टेकल्यावर चष्मा वर सरकवून त्यांनी आकडा वाचला.

"बोटभर कमी आहे. तो कोपऱ्याचा दगड बाहेर घे."

"बोटभरानं काय हुतंय, मास्तर? तुमी काय कूस बदलणार हायसा व्हय?"

मास्तर हसले नाहीत. फक्रुद्दीनने पहारीने दगड उचकटला आणि बोटभर बाहेर बसवला. त्याचा बापही कबरी खणायचं हेच काम करायचा. मुसलमानांच्या कब्रस्तानातली माती आणि इथली माती एकच, फक्त इथे मुरूम लवकर लागतो, असं तो कुणी विचारलं तर सांगत असे.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता. १९९७ साल. दफनभूमीत सगळीकडे ओल्या चुन्याचा वास होता. ईस्टरच्या पहाटे मंडळी इथेच जमायची, कबरींवर मेणबत्त्या लावून सूर्य उगवायच्या आत पुनरुत्थानाची गाणी म्हणायची. म्हणून त्या आठवड्यात प्रत्येक घर आपापल्या कबरी धुऊन पांढऱ्या करून घेई. पत्नीची, रूथबाईंची कबर मास्तरांनी सोमवारीच रंगवून घेतली होती. राहिली होती ती शेजारची जागा. ती मास्तरांची स्वतःची. तिला त्यांनी जांभ्या दगडाची कड लावायला घेतली होती.

रूथबाई संसारभर भिंतीकडच्या बाजूला झोपल्या. भिंतीचा आधार वाटतो, म्हणायच्या. आठ वर्षांपूर्वी त्या गेल्या तेव्हा मास्तरांनी कुंपणालगतची जागा मागून घेतली, म्हणजे त्यांच्या उजव्या हाताला भिंत येईल. डाव्या हाताची जागा त्याच दिवशी स्वतःच्या नावाने राखून ठेवली. त्यापलीकडे दुसऱ्या घराण्याच्या कबरी होत्या, दाटीवाटीने. मूलबाळ नव्हतं. मास्तरांचं भविष्याचं जे काही ठरलेलं होतं ते एवढंच होतं, आणि ते पक्कं होतं.

ते दफनभूमी कमिटीचे चिटणीसही होते. जागा संपत आल्यावर भांडणं व्हायला लागली, तेव्हा कमिटीने नियम केले. मसुदा मास्तरांचा. जन्मभर हेडमास्तरकी केलेल्या माणसाचा मसुदा, त्यामुळे पळवाट नव्हती. बाप्तिस्मा झालेला आणि मंडळीचा सभासद असलेला, त्यालाच नवी जागा. राखीव जागेत त्या घरचं माणूस, दुसरं कुणी नाही.

फाटक वाजलं. एक म्हातारी बाई पदर खोचून कबरींमधून वाट काढत येत होती. चालण्यात घाई होती, पण पाय कुठल्या कबरीला लागणार नाही याची काळजी घेत होती. जवळ आल्यावर मास्तरांनी ओळखलं. आकारामची बायको, कसबा बावड्याची.

"चिमणाबाई? इकडे कुठे? आकाराम बरा आहे ना?"

"आमचं म्हातारं गेलं की, मास्तर. पहाटं."

मास्तर गुडघ्यावर हात ठेवून उठले. टेप सरसरत गुंडाळली गेली आणि फक्रुद्दीनच्या बोटाला तिची धार लागली. त्याने बोट तोंडात घातलं.

"बसा," मास्तर म्हणाले. "पाणी?"

"बसाय वेळ न्हाई. भावकी दारात जमलीया. पंचगंगेवर न्यायचं म्हणत्यात. मी म्हटलं, मी इचारून येतो, तवर कुणी हात लावायचा न्हाई."

"काय विचारून?"

"त्येनी शब्द घेतलाय माझा. मला मास्तरांच्यात पुरा, म्हणालं. गुंडूलाबी तसंच सांगिटलं. पोरगं बापाच्या शब्दाबाहेर न्हाई. भावकीचं मी बघतो. तुमी जागा दावा."

आकाराम बावड्याहून सायकलवर दूध घालायला यायचा. मिशनच्या आवारात त्याची रतिबाची घरं होती. रविवारी सगळी घरं उपासनेला देवळात असायची, दारांना कुलपं. मग हा किटल्या बाहेर लावून शेवटच्या बाकावर येऊन बसायचा, दारातून सायकल दिसेल असा. आधी दुधासाठी बसला. पुढे वय झालं, रतीब गुंडूकडे गेला, तरी हा दर रविवारी येऊन बसतच राहिला. उपदेश लांबला की त्याला डुलकी लागे. गाणी तो सगळ्यांच्या अर्धी ओळ मागून म्हणायचा, आणि मोठ्याने. प्रभुभोजनाची थाळी बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असे, ती त्याच्या बाकापाशी आली की नमस्कार करून पुढे द्यायचा.

"चिमणाबाई," मास्तर म्हणाले, "आकारामचा बाप्तिस्मा झालेला नव्हता."

"पाणी घातलं न्हाई, येवढंच नव्हं?"

"तेवढंच नसतं ते."

"बारा वर्सं येत हुता तुमच्यात. पावसाळ्यात पुलावर पाणी आलं तर वळसा घालून आला, पर आला. मी म्हणायचो, मी आपली जोतिबाची, तुमी जावा. त्येनी मला कधी अडवलं न्हाई, मी त्यास्नी न्हाई. आता तुमी अडवतायसा व्हय?"

"मी अडवत नाही. नियम आहे."

"कुणी केलाय?"

फक्रुद्दीनने मान खाली घालून चुन्याचं घमेलं ढवळायला घेतलं.

"जागा कमी आहे म्हणून केला," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा शांत होता. "एकाला दिली की दहाजण येतील. त्यांना काय सांगू? आणि हे बघा, आकारामचं यात काही कमी होत नाही. देवाला सगळी माती सारखी. नदीवर नेला काय, इथे ठेवला काय. ज्याला तो उठवणार आहे त्याला कुठूनही उठवील. हा आमचा विश्वास आहे. माणूस कुठे आणि कुणाशेजारी ठेवला याला काही अर्थ नसतो."

चिमणाबाईने ऐकून घेतलं. मग तिची नजर खाली गेली. पांढरी शुभ्र कबर, तिच्या शेजारची मोकळी लांबट जमीन, तीन बाजूंनी बसवलेले तांबडे दगड. चौथ्या बाजूचे दगड अजून ढिगात होते.

"मग ही दगडं कशाला लावायलायसा?" तिने विचारलं.

टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

मास्तरांनी दगडांकडे पाहिलं, रूथबाईंच्या नावाच्या फरशीकडे पाहिलं. चुन्याचा एक ओघळ अक्षरांवर आला होता. तो त्यांनी बोटाने पुसला, मग बोट रुमालाला पुसलं, रुमालाची घडी घातली आणि तो खिशात ठेवला. बाहेर रस्त्यावरून उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या. शेवटच्या गाडीचं घुंगरू दूर गेलं.

"आकाराम माझ्यापेक्षा उंच होता," मास्तर म्हणाले.

"व्हय. ताडमाड हुता."

"फक्रुद्दीन, पायाकडचे दगड काढ. हातभर लांब लागेल."

फक्रुद्दीन पहार घेऊन उभाच राहिला. "मास्तर, ही तुमची—"

"काढ. मुरूम लागला तर माणूस जोडीला घे. चारच्या आत झालं पाहिजे." मग ते चिमणाबाईकडे वळले. "चारला घेऊन या. भावकीला म्हणावं, ज्याला यायचं त्याने यावं."

ती जायला निघाली आणि थांबली. रूथबाईंच्या कबरीकडे बघून म्हणाली, "बाईंचा रतीब पाव शेराचा हुता. पर माप बघायच्या न्हाईत." आणि आल्या वाटेने, कबरी चुकवत निघून गेली.

पाळकसाहेबांच्या बंगल्यात जेवणाच्या टेबलावर संध्याकाळच्या प्रभुभोजनाची तयारी चालली होती. पाळकीणबाई पावाच्या कडा काढून त्याचे बारीक चौकोन करत होत्या. उकळलेल्या मनुकांचा रस फडक्यातून पातेल्यात गळत होता. पाळकसाहेब तरुण होते, या मंडळीत येऊन त्यांना दोन वर्षं होत होती. मास्तरांचं म्हणणं त्यांनी उभ्यानेच ऐकलं.

"मास्तर, मला काही अडचण नाही. पण कमिटी विचारेल. आणि कमिटीत सगळ्यात आधी तुम्हीच विचाराल."

"विचारलं. राखीव जागेत कुणाला ठेवायचं हे ज्याची जागा तो ठरवतो. अट एकच, माणूस घरचा पाहिजे."

"पण आकाराम तर मंडळीतलाही नव्हता. त्याला परीक्षेत थांबवला होता ना? मी ऐकलंय, तुम्हीच थांबवला."

"मीच."

बाप्तिस्मा मागणाऱ्याची परीक्षा मंडळीचे वडील, म्हणजे निवडलेले ज्येष्ठ घेत; मास्तर त्यांतलेच. चार प्रश्न, साधेच. बहुतेकजण पहिल्या खेपेला पार पडत. आकाराम कोरं धोतर नेसून आला होता.

"चुकला कुठे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"देवाचं राज्य म्हणजे काय, असा प्रश्न होता. तो म्हणाला, उन्हाळ्यात पाटाला आपल्या पाण्याची पाळी असते आणि शेजाऱ्याचा ऊस वाळत असतो. आपली पाळी त्याला सोडायची आणि घरी येऊन झोपायचं. झोप लागली, तर ते देवाचं राज्य."

पाळकीणबाईंची सुरी थांबली.

"उत्तर चांगलं आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"चांगलं आहे. पुरं नाही. पाळी सोडणं हे माणसाचं काम झालं. माणूस करतो आणि मग त्याचा हिशोब मनात ठेवतो. आपली पाळी नसताना, आपला हक्क नसताना पाणी शेतात येतं, ते देवाचं राज्य. मी त्याला हे समजावून सांगितलं. पुढच्या वर्षी दोन्ही मिळून सांग, म्हणालो. आजही मी तेच म्हणेन."

"मग?"

"परीक्षेला पुन्हा आला नाही. विचारलं तर म्हणाला, मास्तर, मला येवढंच येतंय, बाकीचं बसून ऐकतो."

पाळकीणबाई रसाचं फडकं पिळू लागल्या.

"मग आता घरचा कसा झाला?"

"पाळकसाहेब, नापास झालेला मुलगा शाळेतून कमी होत नाही. तो त्याच वर्गात बसतो. हा बारा वर्षं बसला. मी हजेरी घेतली नाही, ती माझी चूक. तो हजर होता."

पाळकसाहेब हसले. मग दफनाची नोंद लिहायला बसले आणि पेन उघडून थांबले.

"नातं काय लिहू?"

"दर रविवारी उपदेश सुरू करताना तुम्ही आम्हाला काय म्हणता?"

"प्रिय बंधूंनो."

"तेच लिहा. प्रिय नाही लिहिलं तरी चालेल."

चार वाजता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आकाराम आला. गुंडूने बापाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. भावकीतले वीसेक लोक मागून चालत आले आणि फाटकापाशी अडले. ख्रिश्चनांच्या जागेत पाय ठेवायचा की नाही, ठेवला तर चपला काढायच्या की नाही, पागोटं उतरवायचं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "हितनंच दर्शन घेऊ." दुसरा त्याला म्हणाला, "मयताला आलाईस का नाटकाला?"

फक्रुद्दीन खड्ड्यातून वर आला. मातीने माखलेले हात झटकत त्याने हाक दिली, "पावणं, आत या की! उनात कशाला हुबारलायसा? हितं झाड हाय, सावली हाय."

ते आत आले. आधी चौघे, मग सगळेच.

खड्डा लांब होता. पायाकडचे दगड निघाल्यावर तिथली माती उघडी पडली होती. रूथबाईंच्या कबरीच्या नव्या चुन्यावर तांबड्या मातीचे शिंतोडे उडाले होते. मास्तर डोक्याशी उभे होते. पाळकसाहेबांनी वाचन केलं, प्रार्थना केली. गाण्याच्या वेळी मंडळीतली पाच-सहा माणसंच होती, आवाज पातळ पडला. पहिली ओळ झाली आणि मास्तर थबकले. अर्धी ओळ मागून येणारा मोठा आवाज कानाला हवा होता. तो आला नाही. मग मास्तरांनीच आवाज चढवला.

माती टाकायची वेळ आली तेव्हा मूठ घेऊन ते वाकले. मूठ उघडायला त्यांना वेळ लागला. त्यांची नजर खड्ड्यात नव्हती. खड्डा आणि भिंत यांच्यामध्ये जी पांढरी कबर होती, तिच्याकडे ती होती. चिमणाबाई पलीकडून बघत होती. तिने घाई केली नाही. शेवटी माती पडली, आणि मग सगळ्यांची पडत गेली.

लोक गेल्यावर फक्रुद्दीन उरलेले दगड एकावर एक रचत म्हणाला, "ह्याचं काय करू?"

"कड पुरी कर. त्याच्या मापाने."

"आनि तुमी?"

"मी उद्याच मरणार नाही," मास्तर म्हणाले आणि सायकलला टांग मारली.

ईस्टरच्या पहाटे मास्तर उशिरा आले. चिटणीस म्हणून फाटकाचं कुलूप तेच काढायचे, दरवर्षी सगळ्यांच्या आधी. त्या दिवशी किल्ली आणायला पाळकसाहेबांना मास्तरांच्या घरी माणूस पाठवावा लागला. पहिलं गाणं संपत आलं होतं तेव्हा मास्तर कोटाची बटणं लावत आत शिरले. फक्रुद्दीन चुन्याची रिकामी घमेली न्यायला आला होता, तो फाटकाशीच भेटला.

"मास्तर, आज उशीर?"

"डोळा लागला," मास्तर म्हणाले. आपल्याच बोलण्याचं नवल वाटल्यासारखे ते क्षणभर थांबले, आणि मग पुढे गेले.

अंधार विरळ होत होता. कबरीकबरीवर मेणबत्त्या होत्या, बायकांच्या पदराआड ज्योती हलत होत्या. मास्तरांनी खिशातून दोन मेणबत्त्या काढल्या. एक रूथबाईंच्या फरशीवर लावली. दुसरी लावायला वळले तर आकारामच्या कबरीशी चिमणाबाई उभी होती. तिच्या मागे गुंडू, हातात दुधाची किटली.

"हितं आज काय असतंय ते बघाय आलोय," ती म्हणाली. "म्हातारं दर साली पहाटं उठून यायचं. मला वाटायचं, पोराच्या जोडीला दुधाला गेलंय."

मास्तरांनी मेणबत्ती तिच्या हातात दिली. कुठे लावायची ते तिला सांगावं लागलं नाही. ओल्या मातीत तिने ती बोटाने दाबून उभी केली. दुसरं गाणं सुरू झालं. ती गाणं म्हणत नव्हती, पण हात जोडलेले होते. गाणं संपेपर्यंत ती दगडांची कड न्याहाळत राहिली.

"मास्तर, आता तुमची जागा कुठली?"

"बघू. नळापाशी एखादी निघेल. क्रमाने मिळते. माझ्या आधी दोघं-तिघं आहेत."

"न्हाई निघाली तर?"

मास्तरांनी खांदे हलवले.

"न्हाई निघाली तर आमच्या बांधाला या," चिमणाबाई म्हणाली. "आंब्याखाली जागा हाय."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. मागे गुंडूने मान डोलावली. म्हणजे घरात बोलणं होऊन ठरलेलं होतं.

"चिमणाबाई, मी ना तुमच्या भावकीतला, ना गावातला. तिथे माझा काय हक्क?"

"हक्क कशाला पायजे? मी म्हणतोय न्हवं?"

मास्तरांचा हात सवयीने कोटाच्या खिशाकडे गेला. टेप घरीच राहिली होती.

"कुठला आंबा?" त्यांनी विचारलं.

"पाटाच्या कडंचा. कुणाची बी पाळी असू द्या, पाणी तितनंच जातंय. कवाच सुकं न्हाई."

पूर्वेला उजाडत होतं. वाऱ्याने रूथबाईंची मेणबत्ती विझली होती. त्यांनी ती उचलली, खाली वाकून आकारामच्या मेणबत्तीवर पेटवून घेतली आणि परत जागेवर लावली.